एकाआड एक मंगळवार

२ जुलै

ताई,

वर ‘प्रिय’ नाही, ते विसरल्यामुळे नव्हे. आधी लिहिलं होतं. मग कागद बदलला.

फोन करणार नाही. फोनवर आपण एकमेकींचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि मागच्या वर्षी फोन मध्येच कुणी ठेवला यावरही आपलं एकमत व्हायचं नाही. कागदावर निदान मला कुणी तोडणार नाही.

लिहायचं कारण तूच आहेस. दर मंगळवारी तिसऱ्या तासाला तू आमच्या हॉलच्या भिंतीवर उगवतेस. निळा शर्ट, केस मागे बांधलेले, माझ्या दुप्पट उंच. शाळा बंद होत्या तेव्हा मोठ्या बाईंनी तुझ्या कंपनीचे रेकॉर्ड केलेले नाटकाचे तास विकत घेतले होते. पुढे शाळा उघडली, मुलं परत आली, मीही परत आले, पण तू काही गेली नाहीस. मोठ्या बाई म्हणतात, घेतलेली वस्तू वाया का घालवायची? तेव्हा नाट्यशिक्षिका म्हणून आता माझं काम काय, तर पडदे ओढायचे, प्रोजेक्टर लावायचा आणि मुलांना तुझ्यासमोर बसवायचं.

तू म्हणतेस, “चला, सगळे मिळून टाळ्या वाजवू या!” आणि थांबतेस. नेमकी चार सेकंद. मी मोजलीत. हॉलमध्ये एक टाळी पडत नाही. बत्तीस मुलं मख्ख बसलेली. आणि तू हसून म्हणतेस, “वा! फारच छान!” माझं डोकं फिरतं गं. गेल्या मंगळवारी मी मोठ्यानं बोलून गेले, “काय छान? कुठे छान?” मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. त्या अख्ख्या तासातली त्यांची तेवढीच हालचाल.

तुला मुलं आठवतात ती विसर. ही वेगळीच आहेत. पहिल्या दिवशी म्हटलं, गोल करा. अंतर ठेवून उभं राहायला हॉलच्या फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या होत्या. पोरं धावत जाऊन एकेका फुलीवर उभी राहिली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. म्हटलं, अरे, एकमेकांकडे बघा. एकानं विचारलं, “कशाला?”

शनिवारी मी आणि शिपाईकाका गुडघ्यांवर बसून त्या फुल्या पात्यानं खरवडून काढल्या. कंबर धरली. आता फुल्या नाहीत, पण त्यांच्या खुणा आहेत, आणि मुलं नेमकी त्या खुणांवर जाऊन उभी राहतात.

बोलता बोलता मी जरा थांबले, काय सांगायचं ते मनात जुळवत होते, तर समोरून एक म्हणाली, “बाई, तुम्ही अडकलात.” अडकलात!

एक मुलगी तर खुणेवरही येत नाही. दाराजवळ दिव्यांच्या बटणांपाशी भिंतीला पाठ लावून उभी असते. पोरांनी तिचं नाव ‘बटण’ ठेवलंय. तिला त्याचं काही वाटत नाही. निदान चेहऱ्यावर तरी दिसत नाही.

आई बरी आहे. तुझे सगळे तास माझ्या फोनवर बघते. तू थांबलीस की टाळ्या वाजवते. सबंध जगात ती एकटीच वाजवत असेल.

धाकटी

६ ऑगस्ट

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे, मी मागितलंही नव्हतं.

परवाच्या तासात तू ‘आंधळा शिंपी’ घेतलास. ओळखीचा वाटला. वाटणारच! नऊ वर्षं या शाळेत तू गाणं शिकवलंस आणि मी नाटक. मधल्या सुट्टीत चहाच्या कपांच्या गराड्यात बसून आपण ती वही भरली. एकशे चौदा खेळ. ‘आंधळा शिंपी’ माझ्या अक्षरात आहे, बेचाळिसाव्या पानावर. एकानं डोळे मिटायचे आणि नुसत्या वितीनं समोरच्याच्या अंगरख्याचं माप घ्यायचं. समोर माणूस लागतो त्याला. पडद्यावर तू हवेचं माप घेत होतीस, ताई. हवेच्या खांद्यापासून हवेच्या मनगटापर्यंत. मला बघवेना.

फोनवर जे बोलले होते तेच आजही म्हणते. तू आपली वही विकलीस.

मी मग आवाज बंद केला. तुझे ओठ हलताहेत, हात हलताहेत, आवाज नाही. मुलांना विचारलं, “या बाई काय म्हणत असतील?” मग मागून एक बारीक आवाज आला, “म्हणताहेत, माझ्या मानेला खाज सुटलीय, पण मला हलायची परवानगी नाही.”

हसू फुटलं, ताई. खरंखुरं, खुर्च्या हलवणारं हसू. जूनपासून पहिल्यांदा. मग काय, तुझ्या तोंडी वाटेल ते घातलं त्यांनी. तुला भूक लागली, तुझी बस चुकली, तुझ्या चपलेत खडा गेला. पोरं उठून तुझे हातवारे करायला लागली, एकमेकांना धक्के देत. एकमेकांना! बटणसुद्धा बटणांपाशी उभी राहून हसली. हात तोंडावर होता, पण खांदे हलत होते.

आणि मागे वळून बघते तर दारात मोठ्या बाई.

ऑफिसात बोलावलं. “ती तुमची सख्खी बहीण आहे ना?”

“म्हणूनच,” मी म्हटलं.

त्यांना ते रुचलं नाही. म्हणाल्या, “हे बघा, पडदा रजा घेत नाही. त्याला सर्दी होत नाही. चारही तुकड्यांना तोच तास, तसाच्या तसा.”

“तेच तर दुखणं आहे, बाई.”

“दुखणं तुमचं असेल. पालकांचं काय, ते विचारू या. नोव्हेंबरात पालकांसमोर खुला तास घ्या. त्यांना फरक दिसला तर नाटकाचे तास तुमचे. नाही दिसला, तर पुढच्या सत्रापासून पडदा पुरे. तुम्ही वाचनालय बघा.”

वाचनालय म्हणजे जिन्याखालची खोली. तुला माहीत आहे. दोन कपाटं आणि एक पंखा, तोही फिरत नाही.

घरी येऊन आईवर उगाच खेकसले. ती तुझा तास बघत होती.

धाकटी

१७ सप्टेंबर

ताई,

तालमी सुरू आहेत, म्हणायला. आठ जण येतात आणि नऊ जण डबा खायला जातात, पैकी दोन दोन्हीकडे. आवाज इतके खाली की तिसऱ्या खुर्चीपर्यंत पोचत नाहीत. “मोठ्यानं” म्हटलं की तोंड मोठं उघडतात, आवाज तेवढाच. मी घसा ताणून दाखवते, माझाच बसतो. काल गरम पाण्याच्या गुळण्या करत तालीम घेतली.

पण लिहायचं ते दुसरंच. बटणची आई भेटायला आली होती. एका दुकानात हिशेबनीस आहे, फार सभ्य बाई. म्हणाली, “तिला खुल्या तासात घेऊ नका. रडायला लागते.”

मी म्हटलं, “जबरदस्ती नाही. पण कधीपासून असं?”

तिनं सांगितलं. घरून शाळा होती त्या दुसऱ्या वर्षी मुलगी पहिलीत होती. मी मुलांना सांगितलं होतं, म्हणे, समुद्रातलं काहीतरी होऊन या. पोरगी ऑक्टोपस होणार होती. मायलेकींनी आठ जुने मोजे जमवले, आत चिंध्या भरल्या, पट्ट्यावर शिवून टाकले. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. तासाच्या दिवशी आई दुसऱ्या खोलीत कामात होती. तास संपल्यावर येऊन बघते, तर मुलगी स्क्रीनसमोर तशीच बसलेली. आठही मोजे अंगावर आणि उजवा हात वर. डाव्या हातानं उजवा धरून ठेवलेला, दुखत होता म्हणून.

“तुम्ही तिचं नाव घेतलंच नाहीत,” ती म्हणाली. रागानं नाही हं. उलट मलाच सांभाळून घेत होती. “नेटवर्क गेलं असेल ना तुमचं? मी तिला तेच सांगितलं.”

मी म्हटलं, “हो, त्या वर्षी नेटवर्कचं फारच होतं.”

आता तूच सांग, यात माझा काय दोष? नेटवर्क गेलं तर माणूस काय करणार? तुमच्या त्या पडद्यांनी हे केलंय, आणि निस्तरायचं मात्र मी. तुला कळावं म्हणून लिहितेय.

धाकटी

८ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांत पहिलं, आणि तेही बोटभर. कितीदा वाचलं म्हणून विचारू नकोस. समोर ठेवूनच लिहितेय, तुझीच वाक्यं तुला उतरवून देते, म्हणजे नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ नको.

“त्या वर्षी तुझं नेटवर्क एकदाही गेलं नव्हतं. तू दिवसभर मला विनोद पाठवायचीस, तासाच्या वेळीसुद्धा. वहीबद्दल मी तुला तीनदा विचारलं होतं, तीनदाही तू ‘बघू’ म्हणालीस. कॅमेऱ्यामागचा माणूस बोटं दाखवून चार मोजतो, म्हणून मी चार सेकंद थांबते. खोलीत तो आणि मी, बाकी कोणी नाही. मानेला खाज खरंच सुटते. आईला सांग, टाळ्या पोचल्या.”

आईला सांगितलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तर नेटवर्क. नव्हतं गेलं.

पहिलं वर्ष मी जीव तोडून शिकवलं, हे तुलाही माहीत आहे. पलंगावर चढून वाघ केला, पडद्यामागून भूत केलं. समोर अठ्ठावीस काळे चौकोन. एक दिवस मी एक गंमत सांगितली, हमखास हसवणारी, आणि काहीच आलं नाही. हसू नाही, श्वास नाही. मला वाटलं, मी घरात एकटीच बडबडणारी बाई झालेय. त्यानंतर माझ्यातलं काहीतरी बंदच पडलं. मी हजेरी घ्यायचे, काहीतरी करायला सांगायचे, कॅमेरा बंद करायचे आणि उठायचे. दुसरं वर्ष जवळजवळ सगळंच तसं गेलं. कुणाला पत्ता लागला नाही. मोठ्या बाईंनी तर सगळे तास वेळेवर घेतल्याबद्दल कौतुकही केलं.

त्या ऑक्टोपसच्या दिवशी मी म्हटलं, “ज्यांची तयारी झाली त्यांनी हात वर करा. मी नाव घेईपर्यंत खाली घ्यायचा नाही.” आणि स्वयंपाकघरात गेले. सिंक भरलेलं होतं.

मी तुला म्हणाले होते, तू वही विकलीस. मी तर ती तशीच टाकून दिली होती.

काल बटणशी बोलले. मधल्या सुट्टीत, हॉलच्या पायरीवर. तिनं डबा उघडला होता. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “पहिलीत तू ऑक्टोपस झाली होतीस, त्या दिवशी नेटवर्क गेलं नव्हतं. मी तिथे नव्हते. माझं चुकलं.”

तिनं घास संपवला. म्हणाली, “माहितीये. तुम्ही भांडी घासत होतात.”

“तुला कसं कळलं?”

“आवाज येत होता. तुमचा माइक चालू होता. एक ताट पडलं पण.”

“सगळ्यांना ऐकू येत होतं?”

“हो. सगळे हसत होते.”

“मग तू हात खाली का नाही घेतलास गं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं. “तुम्ही सांगितलं होतं ना, नाव घेईपर्यंत घ्यायचा नाही.”

मग डबा बंद करून वर्गात गेली. मी तिथेच बसून राहिले. घंटा झाली तेव्हा शिपाईकाकांनी विचारलं, “बाई, बरं नाही का?”

म्हटलं, “काका, बरं आहे. तेच तर.” त्यांना काही कळलं नाही. मलाही.

धाकटी

२६ नोव्हेंबर

ताई,

खुला तास झाला. तू विचारलंस म्हणून सगळं लिहिते. फोन मुद्दामच उचलला नाही.

सत्तर-एक पालक. लहान मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. मी ‘आंधळा शिंपी’ ठेवला होता, मूल आणि पालक अशा जोड्या. सुरुवात वाईट झाली. अर्ध्या बापांनी डोळे मिटायच्या ऐवजी फोन काढले, पोरांचे फोटो काढायला. दोन पोरं पडली. एक रडलं. एका आजोबांनी मापं घेता घेता नातवाला इतक्या गुदगुल्या केल्या की तो पळून गेला. पण मग जमलं. कसं ते सांगता येत नाही, हॉल अचानक शांत झाला आणि सगळे डोळे मिटून एकमेकांचे खांदे, मनगटं शोधत होते. एक आई म्हणाली, “अगंबाई, केवढा उंच झालास तू!” मुलगा म्हणाला, “रोज बघतेस की!”

बटण आईबरोबर बटणांपाशीच उभी होती. मी बोलावलं नाही.

नंतर बोलायची वेळ आली. एक वडील उठले, औषधांच्या दुकानाचे. म्हणाले, “त्या ऑनलाइननं आमच्या पोरांचं वाटोळं केलं. पडदा बंद करा आणि हे ठेवा.” टाळ्या पडल्या, ताई! मोठ्या बाई ताठ बसलेल्या, हाताची घडी. मग बटणची आई म्हणाली, “खरंय. आमच्याकडे तर बाई जीव तोडून शिकवायच्या, पण नेटवर्कच नसायचं.” आणि माझ्याकडे बघून हसली.

नुसती मान हलवली असती तरी काम झालं होतं. तास माझे होते. मी मान हलवलीसुद्धा, अर्धी. मग मला बटण दिसली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खाली, स्वतःच्या बुटांकडे बघत होती, मोठी माणसं काहीबाही बोलत असली की मुलं बघतात तशी.

मी म्हटलं, “नेटवर्क नव्हतं गेलं. मी तास चालू ठेवून भांडी घासत होते. एकदा नाही, कितीतरी वेळा. पडद्याचा दोष आहेच, पण हा माझा.”

मग मागून कुणीतरी, “म्हणजे आम्ही इथे पोरांना धरून बसवत होतो आणि तुम्ही भांडी घासत होतात?” मग सगळेच बोलायला लागले. औषधांच्या दुकानवाल्यांनी मागे घेतलं सगळं. मोठ्या बाई “शांत व्हा, शांत व्हा” म्हणत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला वाचता येईना.

बटणची आई ओरडली नाही. जवळ येऊन म्हणाली, “वर्षाच्या शेवटी मी तिला तुमच्यासाठी आभाराचं कार्ड करायला लावलं होतं. ती नको म्हणत होती. मी रागावले तिला.” आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला काही वाटलं नाही. सत्तर खुर्च्या आवरल्या आणि घरी आले. आई म्हणाली, “कसा झाला?” म्हटलं, “झाला.”

धाकटी

१३ डिसेंबर

ताई,

निकाल लागला. माझ्या फाइलीत एक पत्र जाणार, ते वाचून सही केली. तास मात्र काढून घेतले नाहीत. मोठ्या बाईंनी अर्धे केले. एकाआड एक मंगळवार. एक तुझा, एक माझा. “दोन्ही बाजूंच्या पालकांचं समाधान,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “मुलांचं?” त्यांनी चष्मा काढला. “माझ्याकडे बारा तक्रारी आहेत आणि तरी मी तुम्हाला अर्धे तास देतेय. उठा आता.” मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, “तो आंधळा शिंपी... माझ्या लेकीबरोबर खेळून बघितला. तेविसाची आहे. खांदे माझ्याएवढे झालेत.” मी वळले, तर त्या फोनवर बोलायला लागल्या होत्या.

पंधरा दिवसांतून एकदा नाटक कसं शिकवायचं, हे मला कुणी सांगावं. आज जमलेलं पुढच्या खेपेपर्यंत विरून जातं. दर वेळी पहिल्यापासून. मी चिडून चिडून दमलेय.

वहीबद्दल. तू चौथ्यांदा विचारलं नाहीस, तरी सांगते. माझ्या अक्षरातलेही वापर. ‘आंधळा शिंपी’ तेवढा काढ. तू हवेचं माप घेतेस ते मला बघवत नाही, एवढंच कारण. तुझं खोटं पडतं म्हणून नव्हे. तू एकटी दिसतेस म्हणून.

आता कालचं सांगते. माझा मंगळवार होता. बटण येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. बटणांपाशी गेली नाही. गोलाबाहेर, पण खाली बसली. मी सुरुवात केली आणि तिनं हात वर केला. मी वाक्य अर्धं सोडलं आणि तिचं नाव घेतलं. खरं नाव.

ती म्हणाली, “काही नाही.”

बरं म्हटलं, पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटांत हात वर. पुन्हा नाव घेतलं. “काही नाही.” तिसऱ्यांदा पोरं हसायला लागली. चौथ्यांदा कुरकुरायला. “बाई, ती मुद्दाम करतेय!” मला काय दिसत नव्हतं? तास पुढे सरकेना. पंधरा दिवसांनी मिळालेला एक तास, आणि दर दोन मिनिटांनी हा हात. सातव्यांदा माझा आवाज चढला असता. जीभ चावली. नाव घेतलं. “काही नाही.” अकरा वेळा, ताई. अकराही वेळा मी थांबले आणि नाव घेतलं. काल आम्ही बाकी काहीही केलं नाही.

घंटा झाली. पोरं दप्तरं घेऊन दाराकडे पळाली. ती तिथेच बसलेली, आणि हात वर. हॉलमध्ये आम्ही दोघीच.

मी नाव घेतलं.

“ऑक्टोपस आता नाही करणार मी,” ती म्हणाली. “तो मी तेव्हा करणार होते.”

“बरं.”

“दुसरं काहीतरी करेन. अजून ठरलं नाहीये.”

“बरं.”

“तुम्ही विचारायचं नाही.”

“नाही विचारत.”

तिनं हात खाली घेतला, दप्तर अडकवलं आणि निघून गेली. दारातून पळत.

माझा पुढचा मंगळवार सव्वीस तारखेला. सुट्टी आहे त्या दिवशी. म्हणजे थेट पुढच्या महिन्यात. तोवर तिला विचारायचं नाही, आईला नाही, कुणालाच नाही. मला गप्प बसणं किती जमतं ते तुला ठाऊकच आहे, म्हणून हे सगळं तुलाच लिहिलं.

धाकटी